करंगळी वर केल्यावर

वर्गात करंगळी वर झाली की मास्तर मान हलवतात आणि मूल बाहेर पळते. या साध्या खुणेमागे शरीराचे थक्क करणारे काम चाललेले असते. प्रौढ माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड लिटर लघवीवाटे बाहेर सोडतात. बाकीचा पुन्हा रक्तात जातो. मुलांच्या मूत्राशयाची क्षमता काढायला डॉक्टरांचे एक सोपे गणित आहे: वयात एक मिळवायचा आणि 30 ने गुणायचे. दहा वर्षांच्या मुलाचे मूत्राशय साधारण 330 मिलिलीटर धरते. भरपूर पाणी प्यायलेल्या मुलाला शाळा सुटेपर्यंत थांबणे झेपत नाही.

बाहेर पडलेल्या मुलापुढे दोन दारे असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने मुलगे आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे बंधनकारक केली. ही अट मुलींच्या शिक्षणासाठी मोलाची आहे आणि ती राहायलाच हवी. मात्र शाळेच्या दाखल्यावर मुलगा अशी नोंद असलेले एखादे मूल स्वतःला मुलगी म्हणून ओळखते, एखादे मुलगी म्हणून नोंदलेले मूल मुलगा म्हणून. त्यांनी कोणत्या दाराने जायचे, हे परिशिष्ट सांगत नाही.

मुलांच्या मुतारीत बहुधा आडोसा नसतो, ओळीने उभे राहावे लागते. तिथे मागून कोणी चड्डी ओढते, कोणी चिडवते. मुलींच्या बाजूला गेले तर बाई हटकतात. मग ते मूल पाणीच तोडते. घरून भरून आणलेली बाटली तशीच परत नेते. मधल्या सुट्टीत सगळ्यांचे आटोपेपर्यंत व्हरांड्यात घुटमळते, घंटा झाल्यावर धावत जाते आणि वर्गात उशिरा आले म्हणून बोलणी खाते. अमेरिकेत 2015 मध्ये 27,715 पारलिंगी प्रौढांची पाहणी झाली होती. आदल्या वर्षभरात 59 टक्के जणांनी सार्वजनिक स्वच्छतागृहात जाणे कधी ना कधी टाळले होते, 32 टक्क्यांनी त्यासाठी खाणेपिणे कमी केले होते आणि 8 टक्क्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मूत्रपिंडाचा त्रास झाला होता.

हे आकडे रामटेकला ठेवून पाहावेत. इथला उन्हाळा असा की विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी तोडणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुलांना मधल्या सुट्टीत घरी जाऊन येण्याची सोय नसते. देवलापारकडच्या आदिवासी पट्ट्यातले मूल निवासी आश्रमशाळेत राहत असेल, तर त्याच्यासाठी हा प्रश्न रात्रीही सुटत नाही. अंघोळ आणि झोपण्याची खोली हेही त्यात येते.

कायदा मात्र बराच पुढे आलेला आहे. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नाल्सा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि तृतीयपंथीयांसाठी वेगळी सार्वजनिक स्वच्छतागृहे उभारण्यास सरकारांना सांगितले. एप्रिल 2017 मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने, सार्वजनिक स्वच्छतागृहात त्यांना पुरुषांच्या किंवा स्त्रियांच्या बाजूला आपल्या पसंतीने जाऊ द्यावे, अशी मार्गदर्शक सूचना काढली. 2019 च्या तृतीयपंथीय व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने शिक्षणसंस्थांतला भेदभाव निषिद्ध ठरवला. सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी या मुलांना सामावून घेणारे शिक्षण द्यावे, असे त्याचे कलम 13 सांगते. पुढच्या वर्षी आलेल्या नियमांनी आस्थापनांत स्वच्छतागृहांची सोय करण्यासाठी सरकारांना दोन वर्षांची मुदत दिली. ती 2022 मध्येच संपली.

शाळेपाशी आल्यावर पाऊल अडखळले. एनसीईआरटीने 2021 मध्ये पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती. लिंगनिरपेक्ष स्वच्छतागृहांची शिफारस तीत होती. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने हरकत घेताच त्याच वर्षी नोव्हेंबरात ती संकेतस्थळावरून काढली गेली. हे चुकीचे झाले. शिक्षकाला माहितीच दिली नाही तर तो मुलाला काय समजून घेणार?

आणि उपाय तर अनेक शाळांच्या आवारात उभाच आहे. दिव्यांग मुलांसाठी उतार आणि कठडा असलेली एक बंद खोली असते: एकच भांडे, आतून कडी, दारावर मुलगा-मुलगी असा भेद नाही. दिल्ली सरकारने 2021 मध्ये दिव्यांगांसाठीची सार्वजनिक स्वच्छतागृहे तृतीयपंथीयांना खुली करण्याचा आदेश काढला, तो याच वाटेने. शाळेत एक काळजी मात्र घ्यावी. त्या दाराने एकाच मुलाला पाठवले, तर सगळ्या शाळेत त्याच्याकडे बोट दाखवले जाईल. म्हणून ती खोली कोणालाही वापरता यावी: पोटात कळ आलेल्याला, पाळी आलेल्या मुलीला, आडोसा हवा असलेल्या कोणालाही. दिव्यांग मुलाचा पहिला हक्क तेवढा सांभाळावा. आणि जे मूल आपल्या ओळखीप्रमाणे मुलींच्या किंवा मुलांच्या बाजूला जाऊ इच्छिते, त्याला या खोलीकडे ढकलू नये.

यासाठी मुंबई-दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानित आणि सरकारी शाळांत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि सरकारी शाळेचा विकास आराखडा तीच करते. रामटेकच्या पालकांनो, येत्या सभेत हा विषय मांडा. त्या खोलीला कुलूप आहे का, आत अडगळ भरली आहे का, नळाला पाणी येते का, कडी आतून लागते का, एवढे स्वतः जाऊन पाहा आणि दुरुस्तीचा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.