पहिला कॅमेरा कुठला घ्यायचा? लग्न, सत्कार आणि कुस्तीच्या शूटिंगचा हिशेब

मागच्या आठवड्यात कोडोलीहून एक व्हॉइस नोट आली. "दादा, लग्नाच्या शूटिंगचं काम सुरू करतोय. फुल फ्रेम कॅमेरा अठरा हप्त्यांवर मिळतोय. घेऊ का?" मी उत्तर टाइप करायला बसलो आणि ते इतकं लांबलं की त्याचा अख्खा भागच झाला. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिहून देतोय. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे कसं ना' जरा कमी केलेत.

आधी माझी फजिती सांगतो. इंजिनिअरिंगला असताना आमच्या वारणानगरच्या आसपास मित्रासोबत दोन-चार लग्नं शूट केली होती. त्यातलं एक मावसभावाचं. परण्या मारुतीच्या देवळातून परत आला, मी स्टेजसमोर ट्रायपॉड लावला, रेकॉर्ड दाबलं आणि दुसरा कॅमेरा घेऊन गर्दीत घुसलो. मुहूर्त १२:३५ चा. पण तुम्हाला माहितीये आपल्याकडचं. पाहुण्यांचं स्वागत, मग चेअरमन साहेबांचा सत्कार, मग अमुक तमुक नेत्यांचे आशीर्वाद. अक्षता पडेपर्यंत अर्धा तास सहज उलटला. घरी येऊन फाइल उघडली, तर २९ मिनिटं ५९ सेकंदांवर रेकॉर्डिंग बंद. मावशीला अजून मी ते नीट सांगितलेलं नाही.

कॅमेरा बिघडला नव्हता. युरोपात सलग तीस मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र जकातीच्या दृष्टीनं 'व्हिडिओ कॅमेरा' धरलं जायचं आणि त्यावर जास्त कर लागायचा. म्हणून कंपन्यांनी फोटोच्या कॅमेऱ्यांना एक सेकंद आधीच कुलूप घातलं आणि तेच मॉडेल जगभर विकलं. ब्रसेल्सच्या करापायी आमच्या अक्षता हुकल्या! नवीन मॉडेलांत ही मर्यादा बरीचशी गेलीये, पण सेकंडहँड बाजारात अजून जोरात आहे. सोनी ए७ थ्री घ्या. २०१८ चा, फुल फ्रेम, दोन कार्डांची सोय, चित्र एक नंबर. पण सलग रेकॉर्डिंग २९ मिनिटं. त्याच कंपनीचा २०१९ चा ए६४००, सेन्सर लहान, पण ही मर्यादा नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. इव्हेंटचा कॅमेरा निवडताना 'चित्र किती भारी' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: हा मध्येच थांबतो का? सिनेमावाला रिटेक घेतो. आपण नवरदेवाला "परत एकदा हार घाला" म्हणू शकतो, पण अक्षता परत टाकायला सांगू शकत नाही.

कॅमेरा थांबायची आणखी तीन कारणं आहेत. एक, उष्णता. एप्रिल-मेच्या मांडवात, पत्र्याखाली, फोरके लावून ठेवलं की छोट्या बॉडीचे मिररलेस गरम होऊन बंद पडू शकतात. सोनी एफएक्स३० सारख्यात पंखाच दिलाय, तो त्यासाठीच. दोन, बॅटरी. झेडव्ही-ई१० ची बॅटरी इतकी लहान आहे की प्रत्यक्ष कामात तासा-सव्वातासात बदलायची तयारी ठेवा, नाहीतर पॉवर बँक लावून चालवा, तशी सोय त्यात आहे. तीन, कार्ड. हा हिशेब मात्र नीट करू, कारण इथं सगळे गंडतात.

फोरके साधारण १०० मेगाबिट प्रतिसेकंद धरा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १२.५ मेगाबाइट प्रतिसेकंद. मिनिटाला ७५०, तासाला ४५ जीबी. हळद, परण्या, अक्षता, वरात मिळून पाच तास शूट केलंत तर २२५ जीबी. एका प्रतीवर भरवसा ठेवायचा नाही, म्हणून ४५०. आणि हे एका कॅमेऱ्याचं, एका लग्नाचं. वर गिऱ्हाईक शेवटी मागतं काय? टीव्हीला लावायला पेनड्राइव्ह आणि स्टेटसला दोन रील. फुल एचडीत ५० मेगाबिटला शूट केलंत तर सगळं निम्म्यावर येतं. अजून एक, नवे कॅमेरे एच.२६५ मध्ये १० बिटचा पर्याय देतात. रंग छान येतात, पण जुना लॅपटॉप टाइमलाइनवर गुडघे टेकतो. कॅमेऱ्याच्या बजेटात हार्ड डिस्क आणि लॅपटॉप धरला नसेल तर ते बजेटच नाही.

आता फुल फ्रेमचं. सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. झेडव्ही-ई१० किंवा ए६४०० चा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी, म्हणून अंधारात फुल फ्रेम जिंकतो, खोटं नाही. पण भिंग? किटसोबतची लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ ला जाते. एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट उजेड आत घेते. सगळे पैसे बॉडीत घालून साधी लेन्स लावलीत तर मोठ्या सेन्सरचा फायदा तिथेच संपला. उलट, फुल फ्रेमवर एफ १.८ उघडून हार घालण्याचा शॉट घेतलात तर नवरी शार्प आणि नवरदेव धूसर. इन्स्टाला चालतं, सासूबाईंना चालत नाही.

खांद्यावरच्या कॅमकॉर्डरला लोक हसतात. मी हसत नाही. सोनीचा एमसी२५०० कितीतरी लग्नांत बघितलाय. सेन्सर अगदी इवलासा, पाव इंची, म्हणून त्याच्या मागे लाइट धरणारा पोरगा लागतो. पण बारापट ऑप्टिकल झूम, सगळं फोकसमध्ये, आणि तासन्‌तास चालतो. डिसेंबरात तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला वारणेचं कुस्ती मैदान भरतं, तिथं ३५ मिलिमीटरची प्राइम लेन्स घेऊन उभं राहून दाखवा. पैलवान मुंगीएवढे दिसतील. तुमच्या ऑर्डरी सत्कार, शाळेचं गॅदरिंग, कुस्ती, कीर्तन अशा असतील तर सेकंडहँड कॅमकॉर्डर हा शहाणा सौदा आहे.

लग्नंच असतील तर एपीएस-सी मिररलेस, वेळेची मर्यादा नसलेला. या किमतीत बहुतेकांत कार्ड एकच बसतं, म्हणून शेजारी ट्रायपॉडवर दुसरा कॅमेरा सतत चालू ठेवायचा, मोबाइल असला तरी चालेल. जुना पॅनासॉनिक जीएच५ दोन कार्ड घेतो आणि थांबत नाही, पण त्याचा ऑटोफोकस व्हिडिओत भरकटतो. हातानं फोकस करायची सवय असेल तरच.

उजेडाची एक गोष्ट फुकटात सुधारते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मेनूत पाल निवडा, २५ फ्रेमला शटर १/५०, ५० फ्रेमला १/१००. मोबाइलच्या सवयीनं ३० फ्रेम आणि १/६० ठेवलंत तर कार्यालयाच्या ट्यूबखाली पट्टे फिरतात आणि ते एडिटिंगमध्ये धड जात नाहीत. आवाजाबद्दल वेगळा भाग करतो. तोवर एवढंच, स्पीकरवाल्याशी आधी गोड बोला आणि मिक्सरमधून रेकॉर्डरमध्ये वायर घ्या. कॅमेऱ्याच्या माइकवर भटजींपेक्षा बँडच जास्त ऐकू येतो.

आता हप्ता. धरा दीड लाखाचा कॅमेरा, बिनव्याजी अठरा हप्ते, म्हणजे महिना ८,३३३. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू, आषाढीपर्यंत हंगाम. मग चातुर्मासाचे चार महिने लग्नं जवळजवळ बंद. हप्त्याला चातुर्मास नसतो. अठरा महिन्यांत हा काळ एकदा तरी येतोच, कधी दोनदा. चार महिन्यांचे ३३,३३२ रुपये कुठून आणणार, हे कागदावर लिहिता येत नसेल तर सही करू नका.

कोल्हापुरात कॅमेऱ्याचा नाद जुना. बाबुराव पेंटरांनी तर कॅमेरा स्वतःच तयार केला होता, पुढे १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. आपल्याला निदान भाड्यानं मिळतो. कोडोलीच्या भावा, पहिल्या पाच ऑर्डरी भाड्याच्या कॅमेऱ्यावर कर. प्रत्येक वेळी वेगळं मॉडेल घे. घरी आणलास की पंखा बंद करून दुपारी दोन तास सलग रेकॉर्डिंगला लावून ठेव, आणि किती मिनिटांनी काय झालं ते वहीत लिही. पाचव्या लग्नानंतर त्या वहीच्या पानाचा फोटो पाठव, मग कुठला घ्यायचा ते दोघं मिळून ठरवू.