नौकेवरील बुधवार, भूमीवरील गुरुवार

जुन्या कागदाची मिति पडताळतांना आपण संशोधक प्रथम तिथि व वार यांचा मेळ घालून पाहतों. मेळ बसला, तर कागदावरील विश्वास वाढतो. न बसला, तर लेखकाचा प्रमाद, नकलकाराचा हस्तदोष किंवा सरळ बनावट, अशा तीन शंका मनांत येतात. ही पद्धति सामान्यतः निर्दोष आहे. परंतु तारीख व वार यांचा परस्परांशीं पूर्ण मेळ आहे, लेखक सत्यवादी व दक्ष आहे, आणि तरीही तारीख व वार हीं दोन्ही एका दिवसानें मागें आहेत, असेंही घडूं शकतें. पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या पहिल्या नौकेचें टिपण हें याचें ठळक उदाहरण होय. त्याचा उलगडा प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम प्रवासाचा वृत्तांत थोडक्यांत देतों. फेर्दिनांद मॅगेलन हा जन्मानें पोर्तुगीज. इ. स. १५०५ मध्यें आल्मेदाच्या आरमारांतून तो हिंदुस्थानांत आला. १५०९ च्या दीवच्या लढाईंत व १५११ च्या मलाक्क्याच्या मोहिमेंत तो होता. पुढें स्वदेशच्या राजाशीं बिनसून तो स्पेनच्या चाकरीस गेला, आणि पश्चिमेकडून मसाल्याच्या बेटांस जाण्याचा मार्ग शोधण्यासाठीं २० सप्टेंबर १५१९ रोजीं पांच जहाजें व सुमारें २४० माणसें घेऊन सान्लूकार बंदरांतून निघाला. वाटेंत बंड झालें, एक जहाज फुटलें, एक सामुद्रधुनींतूनच पळून स्पेनला परतलें. उरलेलीं तीन जहाजें २८ नोव्हेंबर १५२० रोजीं पॅसिफिक महासागरांत शिरलीं. त्यांस मार्च १५२१ पर्यंत ताजें अन्न मिळालें नाहीं. डोलकाठीवरचें चामडें भिजवून व लाकडाचा भुसा खाऊन खलाशांनीं दिवस काढिले. २७ एप्रिल १५२१ रोजीं माक्तान बेटावरील चकमकींत मॅगेलन मारला गेला. शेवटीं ‘व्हिक्टोरिया’ नांवाचें एकच जहाज, सेबास्तियान एल्कानो याच्या हाताखालीं, २१ डिसेंबर १५२१ रोजीं तिदोर बेटाहून सुमारें ६० माणसांसह परतीच्या वाटेस लागलें.

आफ्रिकेला वळसा घालून येतांना भुकेनें गांजलेल्या या लोकांस केप व्हर्द बेटांवर थांबणें भाग पडलें. तीं बेटें पोर्तुगीजांचीं, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचीं. म्हणून आपण अमेरिकेहून येत आहों अशी बतावणी करून त्यांनीं होडी धान्यासाठीं किनाऱ्यावर पाठविली आणि आज वार कोणता, याची चौकशी करण्यास सांगितलें. उत्तर आलें, गुरुवार. नौकेवर त्या दिवशीं बुधवार, ९ जुलै होता. पुढें बतावणी उघडकीस आली, तेरा माणसें किनाऱ्यावर अटकेंत पडलीं, आणि बाकीच्यांनीं शीड उभारून पळ काढिला. ६ सप्टेंबर १५२२ रोजीं सान्लूकारला पोंचले ते अठरा युरोपीय व त्यांच्याबरोबरचे थोडेसे पूर्वेकडील बेटवासी.

हा वृत्तांत लिहून ठेविणारा आंतोनिओ पिगाफेत्ता हा इटलींतील व्हिचेंझा गांवचा. आपण कधीं आजारी पडलों नाहीं व एकही दिवस टिपण चुकविलें नाहीं, असें तो सांगतो. खलाशांचें म्हणणें खरें कीं किनाऱ्यावरच्यांचें, याचा निर्णय आज आपण घरबसल्या करूं शकतों. ग्रेगरीय सुधारणेच्या वेळीं गुरुवार, ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवसास शुक्रवार, १५ ऑक्टोबर म्हटलें गेलें, हें सर्वश्रुत आहे. १० जुलै १५२२ पासून त्या गुरुवारापर्यंत २२,००१ दिवस होतात. सातानें भागितां ३,१४३ आठवडे येऊन शेष कांहीं उरत नाहीं. म्हणजे १० जुलै १५२२ हा गुरुवारच होता, व किनाऱ्यावरचे लोक बरोबर होते. परंतु १० जुलैला गुरुवार, तर ९ जुलैला बुधवार, हेंही उघड आहे! म्हणजे नौकेवरील टिपण स्वतःशीं पूर्णपणें सुसंगत होतें. तें एकटेंच आपल्या हातीं आलें असतें, तर आपल्या नित्याच्या कसोटीनें तें निःशंक उतरलें असतें.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, १५२० हें लीप वर्ष होतें. दर्यावर्दी लोक २९ फेब्रुवारी विसरले असावेत. हा आक्षेप दोन कारणांनीं टिकत नाहीं. जो २९ फेब्रुवारी विसरतो, तो त्या दिवसास १ मार्च म्हणतो. म्हणजे त्याची तारीख जगाच्या एक दिवस पुढें जाते, मागें राहत नाहीं. दुसरें असें कीं, अशा विस्मरणानें तारीख बदलेल, पण वार बदलणार नाहीं. वारांची माळ लीप वर्षाशीं संबंध न ठेवितां अखंड चालते. नौकेवर तर वारच मागें होता.

खरें कारण आमच्या ज्योतिष-सिद्धांतांच्या अभ्यासकांस समजण्यास कठीण नाहीं. लंका, यवकोटि, सिद्धपुर व रोमक हीं चार नगरें भूगोलावर चतुर्थांश परिघाच्या अंतरानें कल्पून, लंकेंत सूर्योदय होतो तेव्हां यवकोटींत मध्याह्न, सिद्धपुरांत सूर्यास्त व रोमकांत मध्यरात्र असते, असें आर्यभटानें सांगितलें आहे. लंका-उज्जयिनी-कुरुक्षेत्र या मध्यरेषेपासून पूर्वेस किंवा पश्चिमेस असलेल्या गांवासाठीं देशांतर-संस्कार करावा लागतो तो याचमुळें. सहा अंशांस एक घटिका, हें त्याचें प्रमाण. आतां गांव स्थिर असतें, परंतु नौका चालते. ती पश्चिमेकडे चालली, म्हणजे अस्तास जाणाऱ्या सूर्याच्या मागें धांवते. म्हणून तिचा प्रत्येक अहोरात्र किंचित् लांबतो. ३६० अंश पुरे झाले, कीं हा वाढावा साठ घटिकांचा, म्हणजे पूर्ण एका दिवसाचा होतो. प्रस्थानापासून केप व्हर्दच्या त्या गुरुवारापर्यंत भूमीवर १,०२४ दिवस गेले, नौकेवर १,०२३. वाढावा सरासरी रोज सुमारें साडेतीन पळें, म्हणजे ८४ सेकंद. वाळूच्या घड्याळाला हा फरक काय कळणार! खलाशांनीं दिवस हरविला नाहीं. त्यांनीं तो साडेतीन साडेतीन पळें करून तीन वर्षें जगून संपविला.

हें तत्त्व पूर्वीं कोणास सुचलें नव्हतें असें नाहीं. इ. स. १३३१ मध्यें मरण पावलेल्या अबुल्‌फिदा या अरब भूगोलकारानें, पृथ्वीला उलट दिशांनीं प्रदक्षिणा घालणारे दोन व जागीं राहणारा एक, अशा तिघांच्या वारांत फरक पडेल, हें केवळ तर्कानें दाखविलें होतें. व्हिक्टोरियाच्या लोकांनीं त्या तर्काला देहानें साक्ष दिली. पुढें इंग्रज दर्यावर्दी ड्रेक २६ सप्टेंबर १५८० रोजीं पश्चिममार्गें प्रदक्षिणा पुरी करून प्लिमथला आला, तेव्हां भूमीवर सोमवार होता, नौकेवर रविवार.

हा फरक त्या खलाशांस केवळ गणिताचा वाटला नसावा. त्यांच्या धर्मांत शुक्रवारीं मांस वर्ज्य. नौकेवरील शुक्रवार हा प्रवासाच्या अखेरीस भूमीवरील शनिवार असल्यानें, भूमीच्या शुक्रवारीं त्यांनीं निषिद्ध भक्षण केलें, व ईस्टरचा रविवार सोमवारीं साजरा केला, असें होतें. निष्ठेनें केलेली एकादशी द्वादशीला पडल्याचें घरीं आल्यावर कळावें, तसाच हा प्रकार. अशा माणसांस निष्काळजी म्हणणें हा अन्याय होय.

याचे परिणाम कागदपत्रांत दीर्घकाळ उमटलेले आहेत. स्पॅनिश लोक फिलिपाईन्सला मेक्सिकोवरून, म्हणजे पश्चिममार्गें गेले. पोर्तुगीज आफ्रिका व गोवा यांवरून पूर्वमार्गें मकावला गेले. परिणामीं शेजारशेजारच्या मानिला व मकाव येथील तारखांत एक दिवसाचें अंतर राहिलें. शेवटीं मानिलाकरांनीं ३१ डिसेंबर १८४४ हा दिवसच गाळून तें मिटविलें. गोव्याचा पोर्तुगीज व मानिलाचा स्पॅनिश, असे दोन कागद एकाच घटनेविषयीं हातीं आले, तर हें ध्यानांत ठेविलेंच पाहिजे.

पुढें १८० अंशांच्या आसपास वाररेषा मानण्याचा प्रघात पडला व घोटाळा संपला. पण वाढावा संपला नाहीं, तो केवळ एका ठिकाणीं चुकता करण्याची सोय झाली. ६ एप्रिल १९२४ रोजीं सिअ‍ॅटलहून चार अमेरिकन लष्करी विमानें पश्चिमेकडे निघालीं. त्यांतील ‘शिकागो’ व ‘न्यू ऑर्लिन्स’ हीं दोन, कलकत्ता व कराचीवरून, १७५ दिवसांनीं परतलीं. त्यांच्या वैमानिकांचा रोजचा वाढावा सरासरी आठ मिनिटांचा होता. उलट, ‘तारिणी’ या गोव्यांत बांधलेल्या शिडाच्या नौकेंतून वर्तिका जोशी व त्यांच्या पांच सहकारी महिला नौदल-अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजीं गोव्याहून पूर्वेकडे निघाल्या व २१ मे २०१८ रोजीं परतल्या. गोव्याच्या पंचांगानें, दोन्ही टोकें धरून, हे २५४ दिवस झाले. नौकेवरच्या सूर्योदयांची गणना केल्यास एक अधिक येईल. अंतराळांत तर ही गणनाच कोलमडते. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्यें दोन सोव्हिएत सहकाऱ्यांसह जेथून फिरले, तेथें सुमारें दीड तासाला एक सूर्योदय होतो. त्यांचा आठ दिवसांहून किंचित् कमी असा प्रवास सूर्योदयांनीं मोजला, तर शंभराहून अधिक दिवसांचा भरेल. म्हणून तेथील मंडळी सूर्य सोडून भूमीवरचें घड्याळ पाळतात.

यावरून आमच्या मतें संशोधकानें तीन गोष्टी घ्याव्यात. प्रवाशाच्या टिपणाची मिति पडताळतांना तो कोणत्या दिशेनें आला, हें आधीं पाहावें. तारीख-वारांचा आंतरिक मेळ हा प्रामाणिकपणाचा पुरावा मानावा, अचूकपणाचा नव्हे. आणि निर्णयासाठीं नेहमीं बाहेरचा दुसरा साक्षी शोधावा. पिगाफेत्तानें दिवस एकही सोडला नाहीं, पण ज्या एल्कानोनें जहाज घरीं आणिलें त्याचें नांव आपल्या वृत्तांतांत एकदांही घेतलें नाहीं. तें आपणांस इतर कागदांवरूनच कळतें. अटकेंत पडलेल्या त्या तेरा जणांच्या होडीनें किनाऱ्यावरून जो एक शब्द आणिला, तोच या प्रकरणांतला दुसरा साक्षी होता.