सुरक्षेच्या कायद्याला मुदत कोण घालतं?

(लेखमाला : संसद आणि सुरक्षा – लेखांक ६)

मागच्या आठवड्यात प्रश्नोत्तराच्या तासाविषयी लिहिलं. देशाच्या सुरक्षेचं कारण पुढे करून मंत्री उत्तर टाळू शकतो, आणि पुष्कळदा टाळतो. पण कायद्याचीच मुदत संपत आली, तर सरकारला सभागृहापुढे यावंच लागतं. माझ्या मते लोकप्रतिनिधींच्या हातातला हा सगळ्यात पक्का लगाम आहे.

त्याचा एक जुना धडा आपल्याकडेच सापडतो. पांढुर्णा जिल्हा झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्याआधी पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाडा जिल्ह्यातच होते. त्या छिंदवाड्यात नोव्हेंबर १९१५ पासून मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली हे भाऊ नजरकैदेत होते. आरोपपत्र नाही, खटला नाही. १९१५ च्या भारत संरक्षण कायद्याखाली सरकारचा संशय पुरेसा होता. १९१७ साली मुस्लिम लीगने कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून मोहम्मद अलींना निवडलं, आणि ती खुर्ची रिकामीच राहिली. एप्रिल १९१८ मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून दोघांची सुटका मागितली. ती झाली नाही. जून १९१९ मध्ये त्यांना बैतूलच्या तुरुंगात हलवलं, आणि ते सुटले डिसेंबरच्या अखेरीस. चार वर्षांहून जास्त काळ!

मात्र तो कायदा युद्ध चालू असेपर्यंत आणि पुढे सहा महिने, एवढाच टिकणार होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबलं आणि हातातली सत्ता निसटणार हे सरकारला दिसलं. म्हणून तर खटल्याशिवाय डांबण्याची सत्ता पुढे चालू ठेवणारा रौलट कायदा आणावा लागला, तोही देशाच्या मध्यवर्ती कायदे कौन्सिलात, सगळ्यांसमोर. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तेव्हा त्या कौन्सिलाचे सभासद होते. निवडून आलेल्या भारतीय सभासदांनी विरोध केला, तरी मार्च १९१९ मध्ये ३५ विरुद्ध २० मतांनी विधेयक मंजूर झालं, कारण बहुमत सरकारी सभासदांचं होतं. मुदतीने सरकारला चर्चेला बसवलं, पण अडवण्याएवढी मतं लोकांच्या बाजूला नव्हती. ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ ही घोषणा देशभर गेली ती याच कायद्यामुळे.

स्वातंत्र्यानंतर ती मतं आपल्याकडे आली. १९८५ साली दहशतवादविरोधी ‘टाडा’ कायदा आला तो दोन वर्षांसाठी. १९८७ मध्ये नवा कायदा झाला, आणि १९८९, १९९१, १९९३ अशी दर वेळी दोन वर्षांची वाढ संसदेला द्यावी लागली. दर वाढीच्या वेळी किती जण धरले आणि किती जणांवर गुन्हा शाबीत झाला, हे विचारायची संधी खासदारांना मिळत होती. धरलेल्यांची संख्या ७० हजारांच्या पुढे गेली होती. शिक्षा झालेले त्या मानाने अगदी मोजके. फेब्रुवारी १९९५ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी प्रत्येक खासदाराला पत्र लिहून मुदत वाढवू नका, असं कळवलं. प्रत्येक खासदाराला, म्हणजे छिंदवाड्याच्याही. मे १९९५ मध्ये टाडा संपला. त्याखालचे जुने खटले पुढे चालूच राहिले, हेही सांगायला हवं. मुदत संपली म्हणून आतला माणूस आपोआप बाहेर येत नाही.

आता रासुका बघा. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याला मुदतच नाही. राज्य सरकारने अधिकार दिला की जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आता पांढुर्ण्याचे कलेक्टरसुद्धा, स्थानबद्धतेचा आदेश काढू शकतात. १२ दिवसांत राज्य सरकारची मंजुरी लागते, त्यानंतर सात दिवसांत केंद्राला कळवावं लागतं, आणि तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं. त्या मंडळापुढे वकील देण्याचा हक्क स्थानबद्ध माणसाला नाही. त्याला जास्तीत जास्त बारा महिने आत ठेवता येतं. हे सगळे टप्पे सरकारी दफ्तरात घडतात. संसदेपुढे किंवा विधानसभेपुढे आपणहून यायला या कायद्यात सरकार कुठेच बांधलेलं नाही.

बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, त्याचंही तसंच, त्यालाही मुदत नाही. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, त्यातल्या कडक दुरुस्त्या स्थायी समितीकडे न जाता दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून मंजूर झाल्या. लोकांचा संताप खरा होता, भीतीही खरी होती. नेमकं अशा दिवसांत केलेल्या कायद्याकडे दोन वर्षांनी शांत डोक्याने पुन्हा बघायची सोय हवी. ती तेव्हा ठेवली गेली नाही, हे मला गंभीर वाटतं.

रासुकाचे आदेश निघतात राज्यात, त्यामुळे हिशेब मागायची जागा भोपाळची विधानसभा. पांढुर्णा आणि सौंसर, दोघांचेही आमदार तिथे लेखी प्रश्न टाकू शकतात : वर्षभरात आपल्या जिल्ह्यात रासुकाचे आदेश किती, सल्लागार मंडळाने त्यातले किती रद्द ठरवले, कोर्टात किती टिकले? सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल आमदारावर कोर्टात कारवाई होत नाही. संविधानाच्या कलम १९४ चं ते संरक्षण अशाच प्रश्नांसाठी आहे. आणि आमदाराने हा प्रश्न टाकावा, असा अर्ज कुठल्याही मतदाराला त्यांच्याकडे देता येतो, मराठीतूनसुद्धा.

(पुढील आठवड्यात : संरक्षणविषयक स्थायी समिती आणि पैशाचा हिशेब)