विंचू उतरला म्हणजे नक्की काय?

आमच्या पोफळीत चिरा उचलायचा तर आधी खाली बघतात. लाल विंचू! चावला की पुढे सगळे एकच विचारतात, "उतरला का?" संशोधनात याला आउटकम म्हणतात, आणि 'उतरला' म्हणजे काय ते आधीच ठरवावं लागतं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची २०११ ची, 'बीएमजे'त आलेली चाचणी घ्या. ७० रुग्ण, दोन गट. एकाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला सोबत प्रतिविष. मुख्य मोजमाप असं: औषध दिल्यापासून १० तासांत घाम, लाळ, गार हातपाय, बिघडलेला रक्तदाब, सगळं ठीक झालं का? नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८ जणांचं झालं, प्रतिविषासोबत ३२ जणांचं.

भारी ना? पण थांबा. तब्येत आणखी बिघडण्यापासून बचाव दोन्ही गटांत सारखाच झाला. म्हणजे 'लवकर उतरतो' हे दिसलं. 'जास्त जीव वाचतात' हे नाही. तेवढं दाखवायला खूप जास्त रुग्ण लागले असते, कारण मुळात हृदय-फुप्फुसांपर्यंत त्रास गेलेले रुग्ण यात घेतलेच नव्हते.

आणि हो, कोणाला काय दिलंय हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही माहीत होतं. म्हणून माझा भरवसा 'बरं वाटतंय'पेक्षा रक्तदाबाच्या आकड्यावर जास्त.