पुण्यातले गणित, तेरखेड्यातले चित्र

वाशी तालुक्यातील, धुळे–सोलापूर महामार्गावरचे तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. आणि ज्या धंद्यात माल उन्हात वाळविल्यावाचून पुढे सरकत नाही, त्या धंद्यात आभाळाची विचारपूस ही शेतकऱ्याइतकीच कारखानदाराचीही गरज ठरते. ही विचारपूस आता खिशातल्या मोबाइलवर, ब्राउझरच्या चौकटीत होते. तेथे उमटणाऱ्या पर्जन्याच्या रंगीत नकाशामागील गणित मात्र पुण्यात, पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मांडले जाते.

1962 साली स्थापन झालेल्या या संस्थेतील ‘अर्का’ या महासंगणकाचे लोकार्पण 26 सप्टेंबर 2024 रोजी झाले. त्याचे सामर्थ्य 11.77 पेटाफ्लॉप्स, म्हणजे एकावर पंधरा शून्ये चढवून जी संख्या होईल तिच्या जवळजवळ बारापट क्रिया एका सेकंदात. साठा 33 पेटाबाइटांचा. एवढ्या थोर यंत्राला पाहणाऱ्यासाठी स्वतःचा पडदा नसतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. कपाटांच्या रांगा आणि त्यांना थंड ठेवण्याचा बंदोबस्त, एवढाच अशा यंत्रांचा दृश्य संसार.

मग चित्र दिसते कसे? सारी आकडेवारी पाहणाऱ्याच्या टेबलावर ओढून आणावी म्हटले, तर नकाशा उमटण्यापूर्वीच पाऊस पडून जायचा. त्यापेक्षा जुन्या दफ्तरखान्याचा शिरस्ता बरा: अस्सल कागद कचेरीबाहेर जात नाही, अर्जदाराच्या हाती नक्कल पडते. संगणकाच्या जगात हाच शिरस्ता एक साधन पाळते. फर्नांडो पेरेझ यांनी 2001 साली आरंभिलेल्या आयपायथन या संगणकप्रणालीतून 2011 मध्ये ब्राउझरातली ‘नोटबुक’ निघाली, आणि 2014 पासून ‘ज्युपिटर’ या नावाने ती जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. तीत संशोधक चार ओळींची आज्ञा लिहितो. ती एसएसएचच्या कूटबद्ध मार्गाने दूरस्थ यंत्राकडे जाते. आलेख तेथेच, पडद्यावाचून, यंत्राच्या स्मृतीत रेखला जातो, आणि पीएनजी या चित्रस्वरूपात आटवून, अक्षरांच्या माळेत गुंफून परत धाडला जातो. ती माळ कोणी उलगडून पाहिली, तर दर खेपेस आरंभी आय, व्ही, बी, ओ, आर हीच रोमन अक्षरे आढळतात. या वेषांतरापायी चित्राचा आकार एकतृतीयांशाने फुगतो, तरी मूळ आकड्यांपुढे तो नगण्यच. हवामान खात्याची सार्वजनिक चित्रे आगाऊ तयार करून ठेवलेली असतात, काटकसर तीच.

नक्कल वाचण्याची मात्र सवय लागते. बाजूची रंगपट्टी न पाहता हिरव्या-निळ्या डागांवर विसंबणे मला धाडसाचे वाटते. बोटांनी चित्र मोठे केल्याने त्यातला तपशील वाढत नाही. त्यासाठी यंत्राकडून नवे चित्र काढवून घ्यावे लागते, आणि तेही गणिताच्या चौकटीपलीकडे जाऊ शकत नाही. 26 मे 2025 रोजी सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या अंदाजप्रणालीने ही चौकट 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरवर आणली, म्हणजे 144 चौरस किलोमीटरांऐवजी 36, तरीही एका कारखान्याच्या अंगणात सर येईल आणि शेजारचे कोरडे राहील, हे त्या नकाशात मावत नाही. माल पसरून बसलेल्याने नकाशाच्या जोडीला इन्सॅट उपग्रहाची दर अर्ध्या तासाने येणारी छायाचित्रे पाहावीत. अशा चित्रांवरची वेळ पुष्कळदा ग्रिनिचची असते. तीत साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर दुपारी दोनचे ताजे चित्र सकाळी साडेआठचे शिळे समजले जाते, आणि अंगणातला माल भिजतो.