आंधी वरून येते

उन्हाळ्यात आपल्या माळावर वावटळ उठते. पाचोळा, कागदाचे कपटे आणि मूठभर माती गरगर फिरवत ती बांधापर्यंत जाते आणि विरून जाते. राजस्थानच्या थर वाळवंटातली आंधी म्हणजे हीच वावटळ, फक्त आकाराने मोठी, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर उठते. मोठी आंधी बहुतेकदा ढगातून खाली येते.

त्याआधी वाळू आणि धूळ वेगळी करू. बोलताना आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो, वारा तसं करत नाही. वाळूचा कण जड असतो. तो तरंगत नाही, उड्या मारतो. पडताना खालच्या कणांना टोला देतो, मग ते उडतात. राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाचं वाळवंट मोटारीने पालथं घातलं, पुढे बंदिस्त बोगद्यात वारा सोडून या उड्यांचा अभ्यास केला आणि १९४१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. उडणाऱ्या वाळूचा बहुतेक भार गुडघ्याच्या खालीच राहतो.

धूळ पिठासारखी असते. तिचे कण एकमेकांना धरून बसतात, वाऱ्याला सहजी सुटत नाहीत. वाळूचे टोले बसले की मात्र सुटतात आणि मग शेकडो कोस जातात. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईकरांच्या गाड्यांवर पांढुरका थर बसला होता. ती धूळ पाकिस्तानच्या बाजूने समुद्रावरून आली होती. ते दिवस थंडीचे होते. म्हणजे धूळ उडायला ऊन लागतंच असं नाही. कोरडी, उघडी जमीन आणि जोराचा वारा पुरतो.

आता आंधी. एप्रिल ते जूनमध्ये दुपार कलली की थरच्या आणि त्याच्या पूर्वेच्या मैदानांवर गडगडाटी ढग चढतात. त्यातून पाऊस पडतो, पण खालची हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच आटतात. आटताना ते हवेतली उष्णता घेतात. गार झालेली हवा जड होऊन खाली कोसळते आणि फरशीवर बादली उपडी करावी तशी चहूकडे पसरते. तिच्या पुढच्या कडेला धुळीची भिंत उभी राहते. दिवसा काळोख होतो, पारा झरझर उतरतो. कधी मागून चार थेंब पडतात, कधी तेही नाहीत.

सुदानमध्ये याला ‘हबूब’ म्हणतात. अरबीतल्या ‘वाहणे’ या अर्थाच्या धातूवरून आलेला हा शब्द आहे. ‘आंधी’च्या मुळाशी अंधार आहे. कवी म्हणून मला ‘आंधी’ आवडते, पण सावध करायला ‘हबूब’ बरा. कारण माणसं मरतात ती अंधाराने कमी, वाऱ्याने जास्त. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थानात अलवर, भरतपूर, धौलपूरला आणि उत्तर प्रदेशात आग्र्याच्या परिसरात शंभरावर माणसं गेली. बरीचशी घरात झोपलेली होती. भिंती पडल्या, छपरं कोसळली, झाडं उन्मळली. श्वासात गेलेल्या धुळीचा त्रास होतोच, दमेकऱ्यांना तर फार; तोंडाला ओलं फडकं बांधावं. पण त्याआधी कच्च्या भिंतीपासून, झाडाखालून, पत्र्याच्या शेडमधून निघावं, हे महत्त्वाचं. गाडीत असाल तर रस्ता सोडून पूर्ण बाजूला थांबावं.

ढग आपल्या हातात नाहीत, जमीन थोडीफार आहे. थरच्या लोकांनी खेजडी जपली, फोगाची झुडपं आणि सेवण गवत राखलं. या मुळांनी वाळू धरून ठेवली होती. ट्रॅक्टरची खोल नांगरट आली तिथे ती मुळं तुटली. जोधपूरच्या ‘काझरी’ने, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, टेकड्या बांधण्याची साधी रीत बसवली आहे. वाळूत काटक्या-झुडपांची बुटकी कुंपणं रोवायची, म्हणजे जमिनीलगतचा वारा मंदावतो आणि उड्या मारणारी वाळू तिथेच अडते. मग पावसाळ्यात आडोशाला रोपं आणि गवत लावायचं. अडचण पुढे येते. रोपं धरेपर्यंत त्या टेकडीवर शेळ्या-मेंढ्या सोडता येत नाहीत, आणि ज्याचं पोट कळपावर आहे त्याने तोवर चारा कुठून आणावा, हे आधी त्याच्याशी बसून ठरवावं लागतं.