मार्क नकोत, घड्याळ लावा!

बर्फावरून वळणं घेत स्कीइंग करताना कधीकाळी ‘स्टाइल’ला मार्क मिळायचे, माहितीये? स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन या डोंगरगावात १९२२ मध्ये अर्नोल्ड लन या ब्रिटिश पठ्ठ्यानं तो प्रकारच बंद केला. उतारावर झेंड्यांच्या जोड्या रोवल्या. त्यांच्यामधून वळत जो कमीत कमी वेळात खाली पोचेल, तो पहिला. आजची स्लॅलम ती हीच. लनचा जन्म मद्रासचा, बरं का! आणि १९०९ मध्ये गिर्यारोहणातल्या अपघातात त्याचा एक पाय कायमचा अधू झालेला.

नॉर्वे-स्वीडनच्या जाणत्यांना मात्र हे पटेना. स्कीइंग म्हणजे लांब पल्ल्याची दौड आणि उडी, असं त्यांचं म्हणणं. तरी १९३१ मध्ये आल्पाइन स्कीइंगची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप म्युरेनलाच भरली. तीही मुलींसकट! ब्रिटनची एस्मे मॅकिनन तेव्हा फक्त १७ वर्षांची, म्हणजे तुमच्या बारावी-एफवायच्या वयाची. स्लॅलम तिनं जिंकलीच, शिवाय सुसाट उतरायची डाउनहिलही. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ यायला १९३६ उजाडलं.

म्युरेनमध्ये आजही गाड्यांना बंदी आहे. १९२८ मध्ये सुरू झालेली ‘इन्फर्नो’ शर्यत तिथं अजून होते, आणि तिच्यात हौशी मंडळीही बिनधास्त उतरतात.